झूल नको, दात बघ

भाचेबुवा, फोनवर तू पेनांची नावं सांगितलीस, रंग सांगितलेस, डबीच्या आतलं मखमल कसं आहे तेही सांगितलंस. त्यातला कोणता पेन कसा लिहितो, हे मात्र एकाबद्दलही सांगितलं नाहीस. विचारलं तर म्हणालास, “मामा, अजून शाई भरली नाही.” म्हणून हे लिहायला बसलो. तुझ्या आईला वाटतंय मी तुला रागावणार. रागवायचं काय त्यात? शाईचा पेन हातात धरावासा वाटतो, हेच आजच्या काळात पुष्कळ झालं. पण या नादात जी नवी थेरं निघाली आहेत ती बघून, जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माझ्यासारख्या मास्तराचं डोकं फिरतं. त्यातली कोणती सोडायची आणि कोणती चालवून घ्यायची, तेवढं सांगतो.

पहिलं ध्यानात ठेव : शाई जिथून जाते तिथं पैसा घाल, बाकी ठिकाणी हात आखडता घे. आपल्या नेकनूरच्या रविवारच्या बाजारात बैल घ्यायला आलेला जाणता माणूस झुलीकडं बघत नाही, शिंगांच्या रंगाकडंही बघत नाही. जबडा उघडून दात बघतो, मग चार पावलं चालवून बघतो. पेनाची झूल म्हणजे दांडी, रंग आणि डबी. दात म्हणजे निब, तिच्या खालची जीभ आणि टोपण. आजचा सगळा शौक झुलीवर चाललाय, आणि माझी सगळी चिडचिड एवढ्यावरच आहे.

दात का बघायचे, तेही समजून घे. पेनातून शाई ओतली जात नाही. जिभेवर बारीक खाचा असतात, निबेला मधोमध फट असते. त्या अरुंद जागेत शाई आपसूक ओढली जाते, आणि जेवढी शाई खाली उतरते तेवढी हवा वर दांडीत शिरते. ही देवघेव बिघडली की पेन एक तर कोरडा पडतो, नाहीतर ठिबकतो. दांडी सोन्याची केलीस तरी यात काडीचा फरक पडत नाही. खिशात एक साधं भिंग ठेव. निबेची दोन्ही पाती एका पातळीत आहेत का बघ. वरच्या भोकापासून टोकाकडं फट किंचित निमुळती होत गेली पाहिजे. टोकाशीच ती रुंद झाली असेल तर शाई मधेच अडते आणि पेन अर्ध्या ओळीत दम तोडतो. दुकानदार निब बघू देत नसेल तर नमस्कार करून पुढं निघ.

आता पहिलं थेर. पेन करणारे शंभर, निब करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जर्मनीतल्या जोवो आणि बॉक या दोन कारखान्यांच्या निबा जगभरच्या कितीतरी छोट्या-मोठ्या कंपन्यांच्या पेनात बसलेल्या असतात. आपल्याकडं कानपूरची कॅनराइटही इतरांना निबा पुरवते. म्हणजे होतं काय, की दोन हजारांचा पेन आणि वीस हजारांचा पेन, दोघांच्या तोंडात तीच सहा नंबरची स्टीलची निब, आणि अठरा हजार गेले दांडीवरच्या लाल-निळ्या लाटांवर. निबेवर कंपनीनं आपलं चिन्ह कोरून घेतलं की घेणाऱ्याला वाटतं, ही यांनीच घडवली. विकणाऱ्याला सरळ विचार, “निब कुणाची?” खरं सांगणारा माणूस लगेच नाव सांगतो. जो ‘आमची खास’ म्हणत गोल गोल फिरतो, त्याच्याकडून फक्त दांडी विकत घेतोयस असं समजून भाव कर. या सरसकट निबांचा एक फायदा मात्र आहे. त्या आटे फिरवून काढता येतात. खराब झाली तर निबच बदल, सगळा पेन फेकायची गरज नाही.

निबेवर ‘इरिडियम पॉइंट जर्मनी’ असं कोरलेलं दिसलं तर भुलू नको. आजच्या बहुतेक निबांच्या टोकाशी इरिडियम जवळपास नसतोच. रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन अशा कठीण धातूंचं मिश्रण असतं. आणि जर्मनी हा शब्द जर्मनीबाहेरच्या निबांवरही सर्रास असतो. सोन्याची निब घेऊ का, असंही तू विचारलं होतंस. पूर्वीच्या शाया आम्लयुक्त असायच्या, त्या साध्या पोलादाला खायच्या, म्हणून सोनं वापरायचे. चांगलं न गंजणारं स्टील आल्यावर ती गरज संपली. ५८५ कोरलेलं असेल तर चौदा कॅरेट, ७५० असेल तर अठरा. आकडा वाचता आला म्हणजे झालं, घेतलंच पाहिजे असं काही नाही.

दुसरं एक वेड म्हणजे निब लोण्यासारखी सरकली पाहिजे. त्यासाठी पोरं बारीक पॉलिश-पेपर आणून नव्याकोऱ्या निबा घासत बसतात. आपल्याकडंही काचेवर, फरशीवर निब घासायची खोड जुनीच होती, पण तेव्हाची निब आठ-बारा आण्यांची असायची. घासताना फटीच्या दोन्ही आतल्या कडा गोल झाल्या की फटीतली शाई कागदापर्यंत टेकतच नाही. मग पेन सरकतो झकास, पण प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर उमटत नाही. अशी निब सरळ करणं हे घासण्याच्या दसपट अवघड काम. निबेला किंचित खरखर असू दे. आपल्या वहीच्या कागदावर अक्षर ताब्यात राहतं ते त्या खरखरीमुळंच. खरोखरच टोचत असेल तर आधी पाती वरखाली झाली आहेत का ते भिंगातून बघ. दहातल्या आठ वेळा दुखणं तिथंच असतं, आणि ते नखानं हळूच दाबूनही बरं होतं.

लवचीक निबेचं खूळ याच्याही पुढचं. दाब दिला की पाती फाकून रेघ जाड होते, सोडला की बारीक होते, हे बघायला छान वाटतं, मी नाही म्हणत नाही. पण ते वळण इंग्रजीच्या एका जुन्या लिपीचं आहे. आपल्या देवनागरीत जाड-बारीक येतं ते दाबानं नाही, बोरूच्या तिरक्या कापानं येतं. आणि तो कापही इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबेच्या उलट्या बाजूला असतो. म्हणून बाहेरून मागवलेल्या चपट्या निबेनं ‘क’ काढलास तर जिथं पोट भरायला हवं तिथं तो बारीक होतो आणि नको तिथं जाड. तुला तो आपला हात बिघडल्यासारखा वाटतो, पण दोष निबेचा आहे. मराठी सुंदर लिहायचं असेल तर बोरू नाहीतर देवनागरी कटाची निब घे. रोजच्या लिखाणाला साधी गोल, मध्यम निब बरी. तुझे पणजोबा मोडी लिहायचे, हात न उचलता, एका झपाट्यात. निजामाच्या राज्यात जमिनीचे कागद उर्दूत निघायचे. ते लिहिणाराही कलम तिरकी कापूनच बसायचा. लिपी बघून लेखणी घ्यायची, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता थोडं आपल्या हवेबद्दल सांगतो, कारण तुझे ते व्हिडिओवाले इंग्लंड-अमेरिकेच्या गार हवेत बसून बोलतात. ड्रॉपरनं थेट दांडीत शाई ओतायचे पेन आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालले. राजमहेंद्रीचे रत्नम आणि गायडर, चेन्नईचे गामा, तिरुवळ्ळूरचे रंगा अशी नावं अजून टिकून आहेत. हैदराबादच्या आबिद्सला १९२८ साली सुरू झालेलं डेक्कन पेन स्टोअर्स तर आपल्या भागातल्या शिकल्या-सवरल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत. बीड जिल्हा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि कोर्टकचेरीची वाट तिकडंच जायची. हे पेन एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. हाताला मऊ, वजनाला हलके, आणि ओले झाले की अजूनही गंधकाचा हलका वास देतात. एबोनाइटची जीभ शाई चांगली धरते आणि गरम पाण्यात क्षणभर धरून निबेला नीट बसवताही येते. माझ्या मते पैसा घालायला यासारखी जागा नाही.

पण हा पेन वापरायचीही रीत आहे. दांडीत शाई कमी झाली की वरची हवा वाढते. हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला खाली ढकलते, मग कागदावर टपकन थेंब. म्हणून तृतीयांश शाई उरली की भरून घे, नाहीतर रिकामा करून ठेव. आट्यांना सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढंच लाव. व्हॅसलीन लावायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नको, ते रबराला चांगलं नाही. तुमच्या पुण्याच्या एसीतून बाहेर उन्हात निघालास, किंवा एसटीनं मांजरसुंब्याचा घाट चढून गावाकडं यायला लागलास, की पेन निब वर करून खिशात ठेव. विमानात न्यायचा तर काठोकाठ भरलेला, नाहीतर पूर्ण रिकामा. आणि एबोनाइट उन्हात ठेवू नको. काळा पेन हिरवट-तपकिरी पडतो, आणि तो रंग पुन्हा काळा करायच्या भानगडीत लोक पेनाची वाट लावतात.

टोपणाची परीक्षा कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पेन भरून, टोपण लावून आठ दिवस आडवा ठेव, आणि नवव्या दिवशी झटकल्याशिवाय लिहून बघ. लगेच उमटला तर तो पेन खरा. जपानच्या प्लॅटिनम कंपनीनं २०११ साली आपल्या ३७७६ सेंच्युरी पेनात टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसणारं झाकण दिलं. शाई महिनोन्‌महिने सुकत नाही असं त्यात साधतं. तीच युक्ती त्यांच्या प्रेपी नावाच्या अगदी स्वस्त प्लास्टिकच्या पेनातही आहे. आणि लाखाच्या घरातले कितीतरी पेन चार दिवस न वापरले की कोरडे ठणठणीत. हा हिशेब मला कुणी समजावून द्यावा.

एकाच वेळी दहा-बारा पेनांत शाई भरून ओळीनं मांडायची, हीसुद्धा एक पद्धत पडली आहे म्हणे. तू एका वेळी दोनच भरत जा, एक निळा, एक काळा. बाकीचे धुऊन, सुकवून ठेव. धुवायचे तेही नळ सोडून नाही. आमच्या भागात टँकरची वाट बघणाऱ्या माणसानं पेन धुवायला बादलीभर पाणी घालवलं तर घरची बाई हातात लाटणं घेईल. औषधाच्या दुकानात कान धुवायचा रबरी फुगा मिळतो, त्यानं पेनाच्या मानेतून पाणी सोड. पेलाभर पाण्यात काम होतं.

शाईच्या बाटल्यांचा तुझा फोटो मी बघितला. आता गणित कर. तीस मिलीलिटरच्या शंभर बाटल्या म्हणजे तीन लिटर शाई. पेनाच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे आतल्या शाई ओढायच्या नळीत, फार तर एक मिलीलिटर मावते. आठवड्याला एक भरणं धरलंस तरी सत्तावन्न वर्षं पुरेल. तुझ्या नातवानं लिहायला घेतली तरी उरेल, आणि तोपर्यंत तिच्यावर बुरशी आलेली असेल. रंग हवेत तर मित्रांत दोन-दोन मिली वाटून घ्या, ही तुमच्या नव्या लोकांची चाल मला आवडते. बाटलीत थेट निब बुडवू नको. छोट्या कुपीत ओतून भर आणि उरलेली परत ओतू नको. बुरशी अशीच शिरते.

चमकी घातलेल्या शायांना तर माझा हात जोडून नमस्कार. फ्रान्सच्या एर्बां कंपनीनं २०१५ साली ‘एमरल्ड ऑफ शिवोर’ नावाची हिरवी-निळी, सोनेरी कणांची शाई काढली आणि जग वेडं झालं. दिसते देखणी, खोटं कशाला बोलू. पण ते कण शाईत विरघळत नाहीत, तळाशी बसतात. वर सांगितलेल्या जिभेच्या खाचा केसाएवढ्या. त्यात हे कण जाऊन बसले की पेन बंद. वापरायचीच असेल तर जीभ उपसून धुता येईल अशा स्वस्त पेनात वापर. दुसरी एक जात आहे, निळ्या शाईवर लाल झाक मारणारी. ऑरगॅनिक्स स्टुडिओची ‘नायट्रोजन’ त्यातली गाजलेली. ही झाक म्हणजे कागदात न मुरता वर सुकलेला रंग. मुरलाच नाही तर हाताला लागणारच. पुण्याच्या थंडीत कदाचित चालेल, आमच्याकडं वैशाखात घामेजल्या हातानं एक ओळ लिहिलीस की पान, मनगट आणि बाहीसुद्धा निळी.

यातली गोम अशी की ही झाक दिसते ती जपानी तोमोए रिव्हर नावाच्या तलम कागदावर. सगळे फोटो त्याच कागदावरचे. तू लिहिणार कुठं? ऑफिसच्या डायरीत, बँकेच्या स्लिपवर, भाडेकराराच्या मसुद्यावर. आपल्या नेहमीच्या वहीचं पान दुकानात घेऊन जा आणि तिथंच शाई उमटवून बघ. उसाच्या टोळीच्या मुकादमाची उचलीची वही कधी बघितलीस का? तो कागद शाई पितो नुसता. त्यावर न पसरता जी शाई आणि जी निब चालते, ती कुठंही चालते.

शाई घ्यायची तर आधी ती कशासाठी हवी ते ठरव. रॉयल ब्लू जातीची शाई पाण्यानं उडते. शाळेत कपडे धुतले जावेत म्हणून ती सोयीची, दस्तावर सही करायला कुचकामी. जुन्या लोकांनी काजळ आणि डिंकाच्या शाईनं लिहिलेलं शेकडो वर्षांनी वाचता येतं, कारण काजळी ना पाण्याला दाद देते ना उन्हाला. पण ती शाई पेनात भरायची नाही, डिंक जीभ चिकटवून टाकेल. कायमची शाई हवीच तर फाउंटन पेनासाठी केलेली बारीक कणांची काळी शाई किंवा लोहाची आयर्न-गॉल शाई घे, आणि तो पेन रोज चालव, आठवडाभर तसाच पडू देऊ नको. ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ असं लिहिलेली बाटली मात्र फक्त टाकानं चित्र काढायला. पेनात भरली की पेन गेला. मला विचारशील तर साधी कॅमल. १९३१ साली मुंबईत दि. प. दांडेकरांनी ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची भुकटी आणि गोळ्या करायला घेतल्या, त्यातून ही कॅमल शाई करणारी कॅम्लिन कंपनी उभी राहिली. आता त्यात जपानच्या कोकुयोचा वाटा आहे. आमची शाळा त्या निळ्या बाटल्यांवर चालली. स्वस्त आहे, वाहते, धुतली जाते. तिचा फोटो कुणी काढत नाही, एवढीच तिची उणीव.

मर्यादित आवृत्तीचा भूलभुलैया हे सगळ्यात मोठं थेर. लामी कंपनीनं १९८० साली ‘सफारी’ हा पेन शाळकरी पोरांसाठी काढला. त्रिकोणी पकड, जाड तारेची क्लिप, पडला-धडपडला तरी चालणारा. उत्तम वस्तू. आता त्याच पेनाचे वर्षाला नवे रंग येतात, आणि मोठी माणसं ते रांग लावून घेतात. २०१६ चा गडद जांभळा पुढं चढ्या भावानं विकला गेला. पेन तोच, निब तीच, फक्त प्लास्टिकमध्ये घातलेली रंगाची भुकटी वेगळी. एक घे, लिही. दुसरा रंग हवा असेल तर शाई बदल.

पण या बाबतीत मोंब्लांच्या गांधी-पेनाला तोड नाही. २००९ साली, गांधीजयंतीच्या तोंडावर, जर्मनीच्या या कंपनीनं महात्मा गांधींच्या नावानं २४१ पेन काढले. दांडीयात्रेचे २४१ मैल म्हणून २४१ पेन. अंगावर सोन्याची तार गुंडाळलेली, निबेवर काठी घेतलेले बापू, आणि किंमत अकरा लाखांच्या वर. मिठाच्या मुठीसाठी चाललेल्या माणसाच्या नावानं! प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयात गेलं, आणि कंपनीला इथली विक्री थांबवावी लागली. आता याच्या शेजारी दुसरी हकिकत ठेव. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहावरून पेन घडवला आणि त्यांना पाठवला. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी त्यांना पत्र लिहून पोच दिली. त्या पत्रातली मला आवडणारी गोष्ट अशी की गांधीजींनी पेन आधी वापरून बघितला आणि मगच चांगला म्हटलं. पेनाबद्दल बोलायचा तो पहिला नियम आहे. तुझ्या ओळखीच्या किती जणांना तो माहीत आहे, विचारून बघ. अर्थात रत्नमचं नाव सांगून भाव चढवणारेही आता निघालेत, तेव्हा तिथंही निबच बघ.

‘हाताने घडवलेला’ हा शब्द ऐकून पाघळू नको. लेथवर फिरवूनच पेन घडतो, हात त्यावर सगळ्यांचेच असतात. जपानी ‘माकी-ए’चंही तसंच. ओल्या लाखेवर सोन्याची पूड पेरून महिनोन्‌महिने थर चढवायची ती कला आहे, आणि तिच्या नावाखाली छापील चित्रंही विकली जातात. परवडत असेल आणि पारख असेल तर घे. नसेल तर लांबून बघ. क्लिप नसलेले, बोटाएवढे जाड पेन हीसुद्धा नवी फॅशन. क्लिप नसलेला पेन टेबलावरून घरंगळतो आणि पडताना नेमका तोंडावर पडतो. सदऱ्याच्या खिशात बसत नाही तो पेन माझ्या लेखी पेन नाही, शोभेची वस्तू आहे.

नकलांचं काय, असं तू विचारलंस. नकलेचा मला तेवढा राग नाही. पार्करनं १९४१ साली ‘५१’ बाजारात आणला, निब झाकलेला, त्यानं जग जिंकलं. चीनच्या ‘हिरो’नं त्याच वळणाचे पेन काढले आणि दहावी पास झालेल्या आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या खिशाला तोच पहिला मानाचा पेन लागला. लिहायचा चांगला. पुढं त्या हिरोच्याही नकला निघाल्या, म्हणजे नकलेची नक्कल. वाईट नक्कल ओळखायची खूण तीच : शाई भर आणि उलटा धरून दहा मिनिटं ठेव. ठिबकला तर परत कर. आणि नक्कल मूळ म्हणून विकणाऱ्याच्या दुकानात पुन्हा पाय ठेवू नको.

जुने पेन जमवायचे तर पुण्यात कुंभारवेशीपाशी बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथं जा. पण तीन गोष्टी पाळ. अडकलेली दांडी जोर लावून पिळू नको, आतली रबराची पिशवी वाळून दगड झालेली असते. एबोनाइटचा पेन रात्रभर पाण्यात भिजत घालू नको, गरम पाण्यात तर नाहीच, रंग जातो. आणि पॉलिशच्या मागं लागू नको. नव्या लोकांना जुना पेन आरशासारखा लखलखीत लागतो. ते घासता घासता दांडीवरची नक्षी आणि कंपनीची कोरीव अक्षरं पुसून टाकतात, मग त्या पेनाची ओळखच जाते. आपल्या घरातला तुझ्या आजोबांचा पेन तपकिरी पडलाय तो तसाच राहू दे. टोपणावर दाताची खूण आहे, तीही राहू दे. हिशेब करताना दातांत टोपण धरायची त्यांची सवय होती.

गुंतवणूक म्हणून पेन घेऊ नको, हे एका ओळीत सांगतो. सोन्याची निब असली तरी सोन्याचा भाव कळतो, पेनाचा कळत नाही.

तुझ्याकडं न उघडलेल्या डब्या आहेत म्हणालास. त्यातल्या दोन ठेव. बाकीचे वापरात जाऊ देत. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणा असं आवाहन करतात, ते तू मुंबईत बघितलं असशील. बाबासाहेबांना स्वतःला चांगल्या पेनांचा शौक होता, पण त्या पेनांनी त्यांनी काय काय लिहिलं ते तुला मी सांगायला नको. तुझ्या डब्यांतले आठ-दहा साधे पेन इथल्या शाळेत दे. पोरं ते पाडतील, निब वाकवतील, एकमेकांच्या पाठीवर शाई झटकतील. निब कशी सरळ करायची ते मी त्यांना शिकवीन, त्याची काळजी तू करू नको.

आणि शेवटचं, हे माझ्या वडलांकडून आलेलं. बँकेत, पोस्टात कुणी पेन मागितला तर नाही म्हणू नको, दे. पण टोपण आपल्या हातात ठेव. टोपण नसलेला पेन कुणी खिशात घालून निघत नाही.